आठवीचा पहिला दिवस आणि दीड मीटर कापड

आमच्या घरात यंदा मे महिनाभर एकाच विषयावर वाद झाला. माझी पुतणी सातवी पास झाली. गावातली जिल्हा परिषदेची शाळा सातवीपर्यंतच, त्यामुळे आठवीसाठी तिला रोज एसटीने गोंडपिपरीच्या हायस्कूलला जायचं होतं. वाद शाळेचा नव्हता, बसचाही नव्हता. पहिल्या दिवशी तिने काय घालून जायचं, हा होता.

अम्मीचं म्हणणं, पोरगी मोठी झाली, आता डोक्यावर काहीतरी असू दे. भाईजानचं म्हणणं, वर्गात आपली एकटीच पोरगी, वातावरण असं, कशाला नजरेत यायचं? एका नातेवाइकाने फोनवर एका मौलानांचा व्हिडिओ पाठवला, दुसऱ्याने कोर्टाच्या निकालाची बातमी. मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर माझं भाषण दिलं. सगळ्यांचं बोलून झाल्यावर पुतणीने हळूच विचारलं, ‘फुप्पी, पहिल्या दिवशी जुनाच ड्रेस घालून गेली तर चालते का? टेलरने अजून मापच नाही घेतलं.’

दीड मीटर कापडावर आम्ही चार मोठी माणसं महिनाभर बोलत होतो. बाकीच्या ड्रेसचं कापड अजून दुकानातच होतं.

हा लेख त्या प्रश्नासाठी लिहिते आहे. आपल्या समाजात शाळेतल्या मुलीच्या कपड्यांचा विषय निघाला की तो थेट हिजाबावर जातो आणि तिथेच अडकतो. बातम्याही तशाच आल्या. ५ फेब्रुवारी २०२२ ला कर्नाटक सरकारने गणवेशाचा आदेश काढला, १५ मार्चला उच्च न्यायालयाने तो कायम ठेवला, १३ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी एकमेकांविरुद्ध निकाल दिले आणि प्रकरण मोठ्या पीठाकडे गेले. आपल्याकडे चेंबूरच्या एका कॉलेजने हिजाबावर बंदी घातली. २६ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने मुलींची याचिका फेटाळली आणि ९ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने त्या बंदीला अंशतः स्थगिती दिली. या तारखा मला पाठ आहेत. पण गोंडपिपरी तालुक्यातल्या मुलीचा पहिला अडथळा बहुतेक वेळा त्याआधीच येतो.

तो असा. समग्र शिक्षा अभियानातून मोफत गणवेश मिळतो, तो शासकीय आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पहिली ते आठवीच्या मुलांना. आपल्याकडे सातवीनंतर पोरं जातात, ती हायस्कुलं बहुतेक खासगी अनुदानित. तिथे आठवीपर्यंत पुस्तकं मिळतात, खिचडी मिळते, गणवेश मिळत नाही. म्हणजे ज्या वर्षी मूल गाव सोडून मोठ्या शाळेत जातं, नेमका त्याच वर्षी ड्रेसचा खर्च घरावर येतो. आणि विदर्भात शाळा उघडतात जूनच्या शेवटी. तेव्हा शेतकऱ्याचा पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला असतो, मजुराच्या हाती पेरणीची मजुरी अजून पुरती आलेली नसते.

हे मी वाचून सांगत नाही. २००३ साली मीही अशीच आठवीत गेले. पहिल्या दिवशी माझ्या अंगावर जुन्या शाळेचा ड्रेस होता. परिपाठाच्या वेळी नवा ड्रेस नसलेल्यांना वेगळ्या रांगेत उभं केलं. त्या रांगेत मी एकटी मुसलमान होते. बाकी गोंडांच्या, ढिवरांच्या, बौद्धांच्या मुली होत्या, आणि दोन-तीन मुलं. कोणी मारलं नाही, कोणी ओरडलंही नाही. पण सगळी शाळा आमच्याकडे बघत होती आणि आम्ही जमिनीकडे. माझ्या शेजारी उभी असलेली मुलगी आठवडाभर आली, मग यायची बंद झाली. कारण फक्त ड्रेसच होतं, असं मी म्हणणार नाही. पण ती रांग मला आजही आठवते, आणि गणवेशाने सगळी मुलं समान दिसतात, असं कोणी म्हणालं की ती मुलगीही आठवते.

गणवेशाला माझा विरोध नाही. तो असावा. पण पहिल्या दिवशी तो प्रत्येकाकडे असेल असं धरून चालणं चूक आहे. खुद्द राज्य सरकारला ते जमलं नाही. २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ योजनेत कापड एका ठिकाणाहून घेऊन बचत गटांकडून शिवून घ्यायचं ठरलं. कित्येक शाळांत शाळा सुरू होऊन महिने गेले तरी ड्रेस पोचले नाहीत. शेवटी डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्याचा निर्णय झाला. सरकारला उशीर होतो तेव्हा शासन निर्णय बदलतो. मजुराच्या घरी उशीर झाला तर पोरगी रांगेत उभी राहते.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करते. जुनी सिस्टीम बंद करून नवी सुरू करताना आम्ही काही दिवस दोन्ही चालू ठेवतो, म्हणजे कोणाचं काम अडत नाही. शाळांनीही तेच करावं. आठवीत नव्याने आलेल्या मुलांना पंधरा ऑगस्टपर्यंत जुन्या शाळेचा ड्रेस चालेल, असं सरळ फलकावर लिहावं. इंग्लंडमध्ये मुलं हायस्कूलला जाण्याआधी उन्हाळ्यात एखादा दिवस नव्या शाळेत घालवतात. त्या दिवशी जुन्याच शाळेच्या ड्रेसमध्ये या, असं अनेक शाळा आधीच कळवतात. त्यात कोणाची शिस्त बिघडत नाही.

आता स्कार्फबद्दल. तो प्रश्न मी टाळत नाही.

शाळेला माझं म्हणणं असं: मुलीला डोकं झाकायचं असेल तर रंग तुम्ही ठरवा, पण दार बंद करू नका. केंद्रीय विद्यालयांत मुस्लिम मुलींना गणवेशाशी जुळणाऱ्या रंगाचा स्कार्फ घेता येतो, हा दाखला कर्नाटकच्या खटल्यात न्यायालयासमोर आला होता. आपल्या राज्यानेही २०२३ मध्ये गणवेशाचे रंग जाहीर करताना, जिथे मुली सलवार-कमीज घालतात तिथे गडद निळी सलवार आणि आकाशी कमीज चालेल, असं सांगितलं होतं. म्हणजे एकच गणवेश थोड्या वेगळ्या प्रकारे घालता येतो, हे सरकारलाही मान्य आहे.

आपल्या माणसांना माझं म्हणणं जास्त कडक आहे. तेरा वर्षांच्या मुलीच्या खांद्यावर अख्ख्या कौमची इज्जत ठेवू नका. पुतण्याच्या डोक्यावर टोपी असावी की नसावी, यावर आमच्या घरात पाच मिनिटंही चर्चा झाली नव्हती. मुलीला स्कार्फ घ्यायचा असेल तर तिच्या सोबत उभे राहा, आधी शाळेत जाऊन बोला, तिला दारात एकटीला भांडायला लावू नका. तिला घ्यायचा नसेल तर तिला रोज विचारू नका. आणि जे भीतीपोटी ‘नको घेऊस’ म्हणतात, माझ्या भाईजानसारखे, त्यांनाही हेच लागू आहे. भीती खरी आहे, मान्य. पण ती मोठ्यांनी शाळेत जाऊन बोलायची गोष्ट आहे. पोरीने कपडे बदलून सोडवायची नाही.

एक काम मात्र आपण याच वर्षी करू शकतो. रमजानमध्ये जमात चंदा गोळा करते, ईदला गरिबांच्या मुलांना कपडे देते. एप्रिलच्या शेवटी, निकालाच्या वेळी, आपल्या भागातल्या सातवी पास मुलांची यादी करावी आणि मे महिन्यातच ड्रेसचं माप घ्यावं. यादीत फक्त आपली मुलं नकोत. त्या रांगेत माझ्यासोबत जी उभी होती, त्यांच्या घरची मुलंही असावीत. हे ड्रेस मोहल्ल्यातल्याच शिवणकाम करणाऱ्या बायकांकडून शिवून घेतले तर शिलाईचे पैसेही गरजू घरात राहतील.

जूनमध्ये मी सुट्टी काढून गावी गेले. भाईजान आणि मी टीसी घेऊन हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटलो. दोन प्रश्न विचारले: जुना ड्रेस किती दिवस चालेल, आणि स्कार्फ घेतला तर कोणत्या रंगाचा? त्यांनी दोन्हीची उत्तरं दहा मिनिटांत दिली. महिनाभर ज्या भेटीला आम्ही घाबरत होतो, ती तेवढ्यात संपली. बाहेर पडताना भाईजान म्हणाला, ‘हे आधीच करायला हवं होतं.’ सगळीकडे इतकं सोपं जाणार नाही, हे मला माहीत आहे. पण आधी जाऊन विचारलं की निदान मुलीला ते उत्तर दारात, सगळ्यांसमोर ऐकावं लागत नाही.

पहिल्या दिवशी पुतणी जुन्या ड्रेसमध्ये गेली. तिने डोक्यावर स्कार्फ घेतला की नाही, हे मी मुद्दाम लिहीत नाही. ते तिने ठरवलं. संध्याकाळी फोनवर तिने सांगितलं की बसमध्ये खिडकीजवळची जागा मिळाली, गणिताचे सर भरभर शिकवतात, आणि धाब्याहून येणारी एक मुलगी तिच्याशेजारी बसते. ड्रेसचं तिने काही सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.