पोलिसाची तक्रार कुठे करायची? बालेकिल्ल्यातल्या रयतेचा साधा प्रश्न

ऑक्टोबर २०२५ मध्ये "नाशिक जिल्हा, कायद्याचा बालेकिल्ला" हे वाक्य आपल्याकडे लहान पोरांच्याही तोंडी बसलं होतं. पोलिसांनी उचललेले संशयित कॅमेऱ्यापुढे हात जोडून हे वाक्य म्हणायचे आणि बघता बघता तो व्हिडिओ प्रत्येक ग्रुपवर यायचा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. का वाजवल्या तेही कळतं. कोयते, टोळ्या, होर्डिंगवर झळकणारे भाई-दादा यांना शहर वैतागलं होतं. कोणीतरी यांना जाब विचारतंय, एवढ्यानंच लोकांना बरं वाटलं.

पण मित्रांनो, बालेकिल्ला म्हटलं की बुरूज आले, तसा दरवाजाही आला. उद्या किल्ल्यातल्या शिपायानंच रयतेला नाडलं, तर रयतेनं कोणत्या दरवाजावर थाप मारायची? साध्या भाषेत विचारतो. पोलिसाचीच तक्रार करायची असेल तर कुठे जायचं?

शालिमारला उभं राहून दहा जणांना विचारा. कोणी म्हणेल आयुक्तालयात जा. कोणी म्हणेल नगरसेवकाला सांग, आमदाराच्या ऑफिसातून फोन लाव, पेपरवाल्याला गाठ. आणि निम्मे तरी म्हणतील, "जाऊ दे ना भाऊ, कशाला त्यांच्या नादी लागतो." मला खरी भीती या शेवटच्या उत्तराची वाटते.

आता कोणी नादी लागलाच, तर काय होतं ते बघा. समजा, एखाद्या ठाण्यात हवालदारानं शिवीगाळ केली, किंवा दखलपात्र गुन्हा असून नुसती एनसी लिहून घेतली, किंवा गाडी सोडायचे पैसे मागितले. माणूस अर्ज लिहितो, वरच्या कार्यालयात देतो, बारनिशीचा शिक्का मारून पोच घेतो. त्याला वाटतं, चला, साहेबांपर्यंत गेलं. मग तो अर्ज "योग्य त्या कार्यवाहीसाठी" एकेक पायरी खाली उतरायला लागतो. आयुक्तांकडून उपायुक्त, उपायुक्तांकडून सहायक आयुक्त, तिथून वरिष्ठ निरीक्षक. बऱ्याचदा तो जिथून सुरू झाला त्याच ठाण्यात परत येतो. आणि एके दिवशी फोन येतो, "तुमचा अर्ज आलाय, जबाब द्यायला या."

ज्या ठाण्याची तक्रार केली त्याच ठाण्यात, ज्याची तक्रार केली त्याच्याच शेजारच्या टेबलावर बसून जबाब द्यायचा. समोर बसलेला माणूस चांगला असेल, नसेल असं नाही. पण त्याला उद्या त्याच सहकाऱ्यासोबत रात्रपाळी करायची आहे. तो काय लिहील? "तक्रारीत तथ्य आढळून आले नाही. अर्ज दप्तरी दाखल." माझ्या परिचयातल्या एका गृहस्थांचा अर्ज असाच दप्तरी दाखल झाला. त्यांना त्याची लेखी प्रतसुद्धा मिळाली नाही. नुसतं तोंडी सांगितलं, "ते झालं बंद."

आता जरा वेगळी गंमत सांगतो. आजकाल पोरं कॉम्प्युटरवर रोलप्ले गेम खेळतात. जीटीएवर चालणारे सर्व्हर तुमच्या घरातल्या कॉलेजच्या पोरालाही माहीत असतील. त्यात कोणी डॉक्टर होतो, कोणी चोर, कोणी पोलीस. पोलीस झालेल्या खेळाडूनं विनाकारण कोणाला आत टाकलं, तर समोरचा तक्रार करू शकतो. चांगल्या चालवलेल्या सर्व्हरवर त्यासाठी वेगळा अंतर्गत चौकशी विभाग असतो. तक्रारीसोबत व्हिडिओ मागतात, दोन्ही बाजू ऐकतात, ज्याची तक्रार आहे त्याला निकालापासून लांब ठेवतात आणि काय ठरलं ते कळवतात. दोष सापडला तर वर्दी काढून घेतात. खोटी वर्दी, खोटं शहर, खोटी अटक. तरीही आपलीच चौकशी आपण करायची नाही एवढी अक्कल त्या वीस-बावीस वर्षांच्या पोरांना आहे. कारण त्यांना माहीत आहे की तक्रारीला दाद मिळाली नाही तर लोक खेळ सोडून जातील. आपल्याला मात्र शहर सोडून जाता येत नाही.

खऱ्या जगात ही अक्कल कोणालाच सुचली नाही असंही नाही. प्रकाश सिंह नावाचे निवृत्त पोलीस महासंचालक १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. म्हणजे पोलीस सुधारा म्हणून दावा लावणारा माणूस स्वतः पोलिसच होता, हे लक्षात घ्या. दहा वर्षांनी, २२ सप्टेंबर २००६ ला निकाल आला. न्यायालयानं सात निर्देश दिले. त्यातला एक असा की प्रत्येक राज्यात आणि प्रत्येक जिल्ह्यात स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण असावं. जिल्ह्यात त्याचे प्रमुख निवृत्त जिल्हा न्यायाधीश, राज्यात उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश. उपअधीक्षक पदापर्यंतच्या पोलिसांच्या तक्रारी जिल्ह्यात, त्यावरच्या अधिकाऱ्यांच्या राज्यात. आणि प्राधिकरणाची शिफारस बंधनकारक असावी, असंही न्यायालयानं म्हटलं होतं.

आपल्या महाराष्ट्रानं कायद्यात दुरुस्ती केली २०१४ मध्ये. महाराष्ट्र पोलीस अधिनियमात राज्य पोलीस तक्रार प्राधिकरण आलं. जिल्ह्याच्या जागी मात्र महसूल विभाग आला. म्हणजे आपल्या नाशिक विभागात नाशिक, अहिल्यानगर, जळगाव, धुळे, नंदुरबार हे पाचही जिल्हे. आता विचार करा, अक्कलकुव्याच्या डोंगरातल्या आदिवासी माणसानं ठाण्यात मार खाल्ला, तर त्यानं विभागाच्या पातळीवर दाद मागायची. न्यायालयानं जिल्हा का म्हटलं होतं ते इथं कळतं. दाद लांब गेली की ती फक्त गाडीभाडं परवडणाऱ्याची होते.

तरीही कायद्यात जे आहे ते कमी नाही. कोठडीतला मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, नियम न पाळता केलेली अटक, भ्रष्टाचार, खंडणी, जमीन किंवा घर बळकावणं, अधिकाराचा गंभीर गैरवापर, या सगळ्याची तक्रार प्राधिकरणाकडे करता येते. स्वतः पीडितालाच जावं लागतं असंही नाही, घरचे जाऊ शकतात. कमजोर जागा पुढे आहे. प्राधिकरण चौकशी करून अहवाल देतं आणि तो सरकारकडे जातो. कारवाईची दोरी सरकारच्याच हातात राहते. उत्तर आयर्लंडमध्ये २००० सालापासून पोलीस लोकपाल आहे, त्याच्याकडे पोलीस दलाबाहेरचे स्वतःचे तपासी लोक आहेत. तिथं तर पोलीस आणि निम्मी जनता यांच्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा अविश्वास होता. तरी त्यांनी ते करून दाखवलं.

"एवढं काय मोठं होतं रे आपल्याकडे?" असं कोणी म्हणेल. २०१७ मध्ये सांगलीत चोरीच्या संशयावरून पकडलेला तरुण मारहाणीत मेला, पोलिसांनी त्याचा मृतदेह आंबोलीला नेऊन जाळला आणि तो पळून गेला असं सांगितलं. परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत एक तरुण मरण पावला. पोलिसांवर गुन्हा नोंदवा यासाठी त्याच्या आईला उच्च न्यायालयात जावं लागलं, आणि जुलै २०२५ मध्ये औरंगाबाद खंडपीठानं तसा आदेश दिला. एका आईला गुन्हा नोंदवून घ्यायला सात महिने आणि उच्च न्यायालय लागतं, तर आपल्या सिडकोतल्या, सातपूरच्या कामगाराला किती लागेल?

शिवाय ही मोठी प्रकरणं एकदम आभाळातून पडत नाहीत. पहिली शिवी, पहिली थप्पड, पहिले पाचशे रुपये दप्तरी दाखल होतात आणि वर्दीतल्या एखाद्याला कळतं की इथं काही होत नाही. तिथून पुढे हिंमत वाढत जाते.

आता पोलिसांची बाजूही मांडतो, कारण ती खरी आहे. बंदोबस्ताला बारा-चौदा तास उभं राहणारा हवालदार आपण सगळेच बघतो. त्यांच्या वसाहतींची अवस्था बघा, सुट्ट्यांची बोंब बघा. आणि हेही खरं की सराईत गुन्हेगार आणि त्यांचे गॉडफादर चांगल्या अधिकाऱ्यावर मुद्दाम खोट्या तक्रारी टाकतात. तेव्हा काय होतं? वरून फोन येतो आणि चौकशीच्या आधीच तो अधिकारी कंट्रोलला जमा. प्रकरण थंड झालं की कोणीतरी परत दुसऱ्या ठाण्याला. म्हणजे आजच्या पद्धतीत दोषी सुटतो आणि निर्दोषही निर्दोष म्हणून सिद्ध होत नाही. त्याच्या नावावर डाग तो डागच. स्वतंत्र चौकशी प्रामाणिक पोलिसाला जास्त हवी असायला पाहिजे. ज्याला "तुमच्याच माणसानं तुम्हाला वाचवलं" असं कोणी म्हणू शकत नाही, त्याच निर्दोषपणाला किंमत आहे.

हा प्रश्न नाशिकनं विचारावा याला दोन कारणं आहेत. पहिलं, महाराष्ट्र पोलीस अकादमी आपल्या त्र्यंबक रोडला आहे. राज्यातले उपनिरीक्षक आपल्या गावात घडतात. गडचिरोली ते सिंधुदुर्ग, खुर्चीत बसलेल्या बहुतेक फौजदारांनी नाशिकचं पाणी प्यायलेलं असतं. दुसरं कारण म्हणजे २०२७ चा सिंहस्थ. तेव्हा बाहेरच्या जिल्ह्यांतून पोलिसांचा प्रचंड फौजफाटा येईल. रामकुंडावर, पंचवटीच्या गल्ल्यांत, त्र्यंबकच्या रस्त्यावर ज्याची काठी पाठीत बसेल तो पोलीस कोणत्या जिल्ह्याचा हेही कळणार नाही. पर्वणी संपली की तो आपल्या गावाला जाईल, आणि तक्रार करणारा भाविक यूपीला किंवा मराठवाड्यात. मग जबाब कोण घेणार आणि कोणाचा?

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. त्यांना कोट्यवधी लागत नाहीत.

१) प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भागात ठळक मराठीत बोर्ड लावा: पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची, प्राधिकरणाचा पत्ता काय, फोन काय.

२) पोलिसाविरुद्धचा अर्ज त्याच ठाण्यात चौकशीला पाठवायचा नाही. दुसऱ्या परिमंडळातल्या अधिकाऱ्याकडे द्या. यासाठी नवा कायदा नको, साहेबांची एक सही पुरे.

३) अर्ज आल्या दिवशी त्या वेळेचं सीसीटीव्ही चित्रण वेगळं जपून ठेवा. डिसेंबर २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक ठाण्यात कॅमेरे आणि १८ महिने साठवण सांगितली आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाला बंद कॅमेऱ्यांचा विषय स्वतःहून पुन्हा हाती घ्यावा लागला. आपल्या शहरातले किती चालू आहेत, एकदा जाहीर करा.

४) चौकशीचा निकाल कारणांसह लेखी द्या. आणि वर्षाला ठाणेनिहाय आकडे छापा: किती अर्ज आले, किती दप्तरी दाखल, किती जणांवर कारवाई. एवढे रील निघाले, एक तक्ताही निघू दे.

५) सिंहस्थात ड्युटीवरच्या प्रत्येकाच्या छातीवर नाव आणि जिल्हा लांबून वाचता येईल असा हवा, आणि मेळ्याच्या काळात पोलिसांविरुद्धच्या तक्रारींसाठी वेगळा कक्ष हवा. तिथं पोलीस दलाबाहेरचा माणूस बसवा.

आणि आपल्यासाठीही दोन शब्द. प्रसंग आलाच तर वाद घालू नका, नाव आणि बक्कल नंबर बघून ठेवा. तारीख, वेळ, जागा त्याच दिवशी लिहून काढा. मार लागला असेल तर आधी सरकारी दवाखान्यात नोंद करा. अर्जाची पोच घेतल्याशिवाय परत फिरू नका. सीसीटीव्ही चित्रण जपून ठेवण्याची मागणी त्याच अर्जात करा. दखलपात्र गुन्हा नोंदवत नसतील तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तालयाकडे, तिथंही दाद नाही मिळाली तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे, हा रस्ता नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे. आणि तक्रार खरीच करा, भांडणातला सूड म्हणून नको. एक खोटी तक्रार पुढच्या दहा खऱ्यांचं वजन घालवते.

मी पोलिसांच्या विरोधात लिहितोय असं ज्यांना वाटेल त्यांना एकच विचारतो. रात्री अपरात्री आपल्या घरातली बाई एकटी ठाण्याची पायरी चढली, तर तिला धीर वाटावा की धडकी भरावी? धीर वाटायचा असेल, तर चुकणाऱ्या वर्दीला जाब विचारणारं कोणीतरी आहे हे तिला आधीपासून माहीत असायला हवं. गुन्हेगारानं हात जोडले म्हणून बालेकिल्ला होत नाही. साध्या माणसाला कोणापुढेच हात जोडावे लागू नयेत, तेव्हा होतो.

कमेंटमध्ये तुमचा अनुभव लिहा, चांगला असेल तर तोही आवर्जून लिहा. कोणाचं नाव किंवा ठाणं टाकू नका, फक्त अर्जाचं पुढे काय झालं ते सांगा. पंधरा दिवसांनी या सगळ्याचा गोषवारा आणि वरच्या पाच मागण्या घेऊन आयुक्तालयात निवेदन द्यायचं आहे. सोबत यायचं असेल त्यांनी कळवा. आणि हो, निवेदनाची पोच घेऊनच बाहेर पडू.