गोड्या पाण्यात मीठ वाढले की मासा काय करतो?



बाजारात मासळी घेताना आपल्या घरातली बाई आधी कल्ले उघडून पाहते. कल्ले लालभडक असले तर मासा ताजा. या कल्ल्यांनीच मासा श्वास घेतो आणि अंगातल्या मिठाचा जमाखर्चही सांभाळतो.

काकडी चिरून मीठ लावले की थोड्या वेळात पाणी सुटते. कारण जिकडे मीठ जास्त, तिकडे पाणी ओढले जाते. नदीतल्या रोहू-कटल्याच्या रक्तात लिटरमागे साधारण ९ ग्रॅम मीठ घातल्याइतका खारटपणा असतो. नदीचे पाणी त्या मानाने अगदीच अळणी. त्यामुळे पाणी सतत माशाच्या अंगात शिरत राहते. म्हणून गोड्या पाण्यातला मासा पाणी जवळजवळ पीतच नाही. आत आलेले पाणी तो पातळ लघवीवाटे बाहेर टाकतो आणि गेलेले मीठ कल्ल्यांनी पुन्हा मिळवतो.

पाण्यात मीठ थोडेसे वाढले तर पुष्कळ मासे निभावून नेतात. पण बाहेरचा खारटपणा रक्तापेक्षा जास्त झाला की काकडीची गत माशाची होते, अंगातले पाणी बाहेर जाऊ लागते. मग त्याची सगळी ताकद त्या तोलातच खर्च होते. खाणे कमी होते, वाढ खुंटते, हालचाल मंदावते. वाट असेल तर तो गोड्या पाण्याकडे सरकतो. बांध आडवा आला तर जाणार कुठे?

पहिला फटका बसतो तो पुढच्या पिढीला. गोड्या पाण्यातल्या नर माशाचे बीज पातळ पाण्यात पडले की जागे होते आणि अंड्याकडे धावते. पाणी खारट असेल तर ते नीट धावत नाही, अंडी वांझ जातात. तिलापियासारखे काटक मासे टिकतात, बाकीचे हळूहळू दिसेनासे होतात.

माशाच्या पिलांचे अन्न असलेले बारीक जलजीव तर याहून नाजूक. अमेरिकेने १९८८ साली गोड्या पाण्यासाठी क्लोराइडची मर्यादा लिटरला २३० मिलिग्रॅम ठरवली. तिकडे बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, ते वाहत तळ्यांत जाते. २०२२ साली चार देशांतील १६ ठिकाणचे प्रयोग प्रसिद्ध झाले. अमेरिका, कॅनडा आणि युरोपच्या सरकारी मर्यादांच्या आतच बहुतेक ठिकाणी हे जीव निम्म्यावर आले होते. म्हणजे कागदावर पाणी चांगले आणि पिले उपाशी.

त्याच २०२२ च्या उन्हाळ्यात पोलंड-जर्मनीच्या सीमेवरच्या ओडर नदीत अंदाजे ३६० टन मासे मेले. दुष्काळाने पाणी आटले होते आणि खाणी-कारखान्यांचे खारट सांडपाणी नदीत येत होते. एरवी मचूळ पाण्यात वाढणारे एक सूक्ष्म शेवाळ त्यात फोफावले. त्याच्या विषाने माशांचे कल्ले निकामी झाले. युरोपियन युनियनच्या शास्त्रज्ञांनी २०२३ च्या अहवालात वाढलेल्या खारटपणावर बोट ठेवले. मीठ थेट मारत नसले, तरी मारणाऱ्याला घर बांधून देते.

आपल्याकडे अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे मचूळ पाणी लोकांना ठाऊक आहे. ते मीठ जमिनीतलेच. पण नाल्यावाटे येणारे मीठ माणसाचे असते, आणि ते थांबवता येते.

म्हणून एक विनंती. नदी-तळ्यावर मासे काठाला येऊन तोंड वर करताना, सुस्त पडलेले दिसले, तर फुकटची मासळी म्हणून घरी आणू नका, पोरांना खाऊ घालू नका. कारण मीठ असेल, विष असेल किंवा पाण्यातला प्राणवायू कमी झाला असेल. डोळ्यांनी ते कळत नाही. बाटलीत पाणी भरून ठेवा, दिवस-वेळ लिहा आणि ग्रामपंचायतीला व प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्या. अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. तोंडी तक्रार वाऱ्यावर जाते, पोच मात्र हातात राहते.