पूर्वपदास नेलेला माणूस

सदर : तेरणाकाठ

‘उस्मानाबादी शेळी’ या लेखात कुणी उत्साहाने ‘धाराशिवी शेळी’ असं लिहून टाकलं, तर ते चूकच आहे. शहराचं आणि जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये बदललं, शेळीचं बदललेलं नाही. पशुपालनाच्या पुस्तकांत, सरकारी योजनांत आणि बाजारात ती आजही जुन्याच नावाने ओळखली जाते, त्या नावाने तिची नोंद आहे. तीच गोष्ट जानेवारी २०२० मध्ये फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या अध्यक्षतेखाली झालेल्या साहित्य संमेलनाची. ते तेव्हाच्या उस्मानाबादेत भरलं होतं, आणि आता मागे जाऊन त्याचा पत्ता बदलणं हा इतिहासाशी चावटपणा झाला.

पण मराठी विकिपीडियावर असा बदल करणारा कोण असेल, याचा जरा विचार करा. बहुधा कळंब किंवा परंड्याकडचा विशीतला मुलगा, हातात मोबाइल, आयुष्यात पहिल्यांदाच ‘संपादन’वर बोट टेकवलेलं. हेतू एवढाच की आपल्या जिल्ह्याचं नाव नीट लागावं. त्याच्या बाबतीत आता दोनपैकी एक गोष्ट घडते. पहिलीत पाच मिनिटांत त्याचं लिखाण गायब होतं आणि पानाच्या इतिहासात ‘बदल पूर्वपदास नेले’ अशा अर्थाची एक कोरडी नोंद उरते. दुसरीत त्याच्या चर्चापानावर कुणीतरी लिहितं : “जिल्ह्याच्या नावाचा बदल बरोबर, तो ठेवलाय. शेळीच्या जातीचं नाव मात्र नोंदलेलं आहे, म्हणून ते परत केलं. तुमच्या गावाचं पान एकदा बघाल का? तिथं बरंच लिहायचं राहिलंय.” या दुसऱ्या प्रकाराला तीन मिनिटं लागतात. पहिल्याला एक टिचकी पुरते, आणि त्या टिचकीत नुसती शेळीच पूर्वपदास जात नाही, तो मुलगाही जातो. परत येत नाही.

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. या ज्ञानकोशात नेमाने लिहिणारे मात्र लग्नातल्या एका पंगतीत मावतील. नवं खातं उघडलं की सदस्याच्या चर्चापानावर ठरलेल्या साच्यातला स्वागताचा मजकूर येऊन पडतो. धोरणं, साहाय्यपानं, सरावाची धूळपाटी, सामाईक चर्चेची चावडी, सगळ्यांचे दुवे त्यात असतात. सगळे दुवे उघडून पाहणारा नवखा मला अजून भेटायचाय. त्यानंतर माणसाचा पहिला संबंध येतो तो बहुतेक वेळा मजकूर उडवला जातो तेव्हा. स्वागत साच्याने करायचं आणि नकार माणसाने द्यायचा, ही कामाची वाटणी उलटी आहे. शिव्या आणि निरर्थक अक्षरं टिपायला सांगकामे (बॉट) आहेत, गाळण्या आहेत. ते काम त्यांच्याकडे द्यावं आणि पहिली दोन वाक्यं जुन्या सदस्याने स्वतः लिहावीत, त्या माणसाने काय लिहिलं होतं ते वाचून. या लेखात मला सांगायचं आहे ते एवढंच. बाकीचं त्याच्या कारणांविषयी.

आपल्या जिल्ह्यातल्या गावांची पानं उघडून बघा. अमुक तालुक्यातलं एक गाव, एवढं पहिलं वाक्य. मग हवामान, लोकजीवन, प्रेक्षणीय स्थळे, नागरी सुविधा, जवळपासची गावे असे मथळे, आणि कितीतरी पानांवर त्या मथळ्यांखाली काही नाही. हवामानाखाली काही असलंच, तर ते शेजारच्या जिल्ह्यातल्या गावालाही जसंच्या तसं चालेल. कुणीतरी एका बैठकीत शेकडो गावांचे सांगाडे उभे केले. ते उपकारच, पण त्यात मांस भरणारा माणूस गावातच आहे. लोहारा तालुक्यातल्या सास्तूरला ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटेच्या भूकंपानंतर काय राहिलं आणि पुनर्वसनात काय बदललं, हे पुण्यात बसून कुणाला सांगता येणार? भूम तालुक्यातल्या खव्याच्या भट्ट्या, नळदुर्गात बोरी नदीवर बांधलेला पाणीमहाल, येरमाळ्याची यात्रा, हे सगळं डोळ्यांनी पाहिलेली माणसं आठही तालुक्यांत आहेत.

इथं अडचण येते ती संदर्भाची. विकिपीडियाला प्रसिद्ध झालेला, विश्वासार्ह आधार लागतो. ‘माझ्या आजोबांनी सांगितलं’ हे चालत नाही, आणि चालू नयेच. पण नवख्याला नुसतं ‘संदर्भ द्या’ म्हणणं म्हणजे त्याला दारातून परत पाठवणं. उस्मानाबाद जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, जनगणनेच्या जिल्हा पुस्तिका आहेत, वर्तमानपत्रांच्या जिल्हा पुरवण्या आहेत, हे त्याला कुठून माहीत असणार? ते त्याला सांगणं हेच जुन्या संपादकाचं खरं काम. आजोबांची गोष्ट आणि गॅझेटियरचं पान शेजारी ठेवलं की निम्म्या वेळा दोन्ही जुळतात, आणि जुळत नाहीत तेव्हा गंमत जास्त येते.

हे कसं साधतं, त्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यातल्या तेर गावात आहे. ‘पेरिप्लस’ या प्राचीन ग्रीक ग्रंथात तगर नावाच्या व्यापारी शहराचा उल्लेख येतो. ते तगर म्हणजे तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मांडलं. हेन्री कझिन्स यांनी पुरातत्त्व खात्याच्या १९०२-०३ च्या वार्षिक अहवालात तेरवर लिहिलं, आणि त्रिविक्रम मंदिराचा मागे गोलाकार असलेला विटांचा जुना भाग अभ्यासकांच्या नजरेत आणला. पुढे १९५८ मध्ये उत्खनन झालं. ही झाली विद्वानांची बाजू. दुसरी बाजू रामलिंगप्पा लामतुरे यांची. तेरमध्ये मातीतून वर येणाऱ्या वस्तू त्यांनी स्वतःच्या हौसेने जमवल्या : मणी, मृण्मूर्ती, नाणी आणि ती प्रसिद्ध हस्तिदंती स्त्रीमूर्ती, जिचं पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी नातं लावलं जातं. आज त्यांच्याच नावाचं सरकारी संग्रहालय तेरमध्ये आहे. फ्लीट यांना ग्रंथ कळत होते, लामतुरेंना गावाची माती. लामतुऱ्यांच्या संग्रहाला पहिल्याच दिवशी कुणी ‘संदर्भ नाही’ अशी चिठ्ठी लावून तो बाजूला सारला असता, तर तेरच्या अभ्यासाचं काय झालं असतं?

आता जुन्या संपादकांची बाजू, कारण तीही खोटी नाही. तेही बिनपगारीच. नोकरी, घर सांभाळून रात्री ‘अलीकडील बदल’ उघडून बसतात, आणि समोर काय येतं? वाढदिवसाच्या फ्लेक्सवरचा मजकूर. कार्यसम्राट, युवकांचे आशास्थान, खाली मोबाइल क्रमांक. निवडणुका जवळ आल्या की हे पीक जोरात येतं. वर्तमानपत्रातला लेख किंवा मराठी विश्वकोशातली नोंद उचलून चिकटवणारे वेगळेच, तिथं तर प्रताधिकाराचा प्रश्न. असं रोज उपसणाऱ्याचा हात जड होतो, आणि मग शेळीवाला मुलगाही त्याला फ्लेक्सवाल्यांच्या रांगेतलाच वाटू लागतो. माझा आक्षेप या थकव्याला नाही. थकलेल्या माणसाच्या हातात दिलेल्या एका टिचकीच्या बटणाला आहे.

हे दुखणं फक्त आपलंच नाही. इंग्रजी विकिपीडियावर २००७ मध्ये सक्रिय संपादकांची संख्या सुमारे ५१ हजारांवर गेली आणि तिथून उतरू लागली. ॲरन हॅल्फेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कारण दिसलं : चांगल्या मनाने आलेल्या नवख्यांचीही संपादनं वाढत्या प्रमाणात उलटवली जात होती, त्याला झटपट साधनांची मदत होती, आणि असा अनुभव आलेले नवखे टिकत नव्हते. त्याआधी वर्षभर तिथं ‘टीहाउस’ नावाचं पान सुरू झालं होतं. नवख्याने काहीही विचारावं आणि जुन्याने न खेकसता उत्तर द्यावं, एवढीच कल्पना. आपल्याकडे चावडी आहे. पण चावडीवर नवखा बोलायला घाबरतो, ते खऱ्या गावातही आणि इथेही.

आपल्याकडे नवखे आणण्याची रूढ पद्धत म्हणजे कार्यशाळा. २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन, महाविद्यालयाची संगणक प्रयोगशाळा, चाळीस विद्यार्थी, उद्घाटनाची तीन भाषणं. मग खाती उघडायला बसायचं, आणि सातव्या विद्यार्थ्याला खातं उघडता येत नाही. एकाच इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती काढता येतात, ही मर्यादा बहुतेक प्राध्यापकांना त्याच क्षणी कळते. आधी विनंती केली तर सूट मिळते, किंवा मुलांनी आदल्या रात्री घरून मोबाइलवर खातं काढून यावं. एवढी साधी गोष्ट निमंत्रणपत्रिकेवर छापली तरी पहिला तास वाचेल. दुसरी गोष्ट, पहिल्याच दिवशी ‘नवा लेख लिहा’ असं सांगू नये. नवा लेख उडण्याची शक्यता सर्वात जास्त. आपल्या गावाच्या पानावर एक वाक्य, त्याला एक संदर्भ, जमल्यास स्वतः काढलेला एक फोटो. तो मजकूर टिकतो, आणि टिकलेला मजकूर दुसऱ्या दिवशी आईला दाखवता येतो.

अशा कार्यशाळांच्या बातमीत नव्या लेखांचा आकडा हमखास छापला जातो. मला मे महिन्यातला आकडा हवा आहे. परीक्षा संपल्यावर त्या चाळिसातल्या किती जणांनी पुन्हा काही लिहिलं, आणि ज्यांनी नाही लिहिलं त्यांच्या चर्चापानावर साच्याखेरीज कुणाचं एक तरी वाक्य होतं का? प्रत्येक सदस्याची योगदान यादी तारीखवार उघडी असते, चर्चापानही उघडंच. महाविद्यालयातल्या कुणीही दुपारभर बसून हे मोजावं आणि पुढच्या फेब्रुवारीत उद्घाटनाच्या तिसऱ्या भाषणाऐवजी ते वाचून दाखवावं.

— तेरणाकर