नंबर कॉलेजचा, करिअर मुलीचं

सीईटीचे निकाल लागले की आमच्या नाहूरच्या सोसायट्यांमध्ये एकच चर्चा, कुठलं कॉलेज कितव्या नंबरला? आता बी. फार्मसीलाही तेच. ऑप्शन फॉर्मसाठी मदत मागायला येणाऱ्या आया केंद्र सरकारच्या एनआयआरएफ यादीचा प्रिंटआऊटच घेऊन येतात.

नंबराला काही अर्थच नाही, असं मी म्हणणार नाही. माटुंग्याची आयसीटी, म्हणजे आपली जुनी यूडीसीटी, फार्मसीत वरच्या दहांत असते ती उगाच नाही. एम. फार्म., पीएच. डी. करून औषध कंपनीच्या संशोधनात जायचं असेल, तर अशा ठिकाणासाठी मुलीने जिवाचं रान करावं. पण तिथल्या जागा मोजक्या. नेमके नंबर शंभरावर संपतात आणि एकट्या महाराष्ट्रात फार्मसी कॉलेजं शेकड्यांनी! नव्या कॉलेजांवरची बंदी सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर २०२२ मध्ये रद्द ठरवल्यावर त्यात आणखी भर पडली.

शिवाय फार्मासिस्ट व्हायचं तर नोंदणी लागते. त्या राज्य फार्मसी कौन्सिलचं ऑफिस आपल्या शेजारीच, मुलुंडला एलबीएस रोडवर. तिथे पदवी आणि कॉलेजची पीसीआय मान्यता बघतात, नंबर कुणी विचारत नाही. हॉस्पिटलच्या किंवा मेडिकलच्या काउंटरवर तर नाहीच नाही.

मला खरी काळजी वाटते ती पैशांची. गेल्या वर्षी एक ओळखीची बाई एफडी मोडायला निघाली होती. कशासाठी, तर लांबच्या एका अभिमत विद्यापीठाचं यादीत नाव आहे म्हणून. जवळच्या मान्यताप्राप्त कॉलेजात कॅपमधून मुलीला जागा मिळत होती. २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. खासगी अभिमत विद्यापीठाला ही सवलत नाही. म्हणजे नंबरासाठी चार वर्षांची माफी सोडायची, वर हॉस्टेलचा खर्च! (मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी आधीच कर्ज काढलेलं असतं, ते वेगळंच.)

आणि यादी बघायचीच असेल, तर नंबराच्या मागे बघा. यादीतल्या प्रत्येक कॉलेजने भरलेली माहिती तिथेच असते. किती मुलांना नोकरी लागली, मधला पगार किती, पुढे शिकायला किती गेले. हे आकडे कॉलेजनेच दिलेले असतात, तेवढं मात्र ध्यानात ठेवा.

कॉलेज यादीत नसेल, तर गेटवर तास दुपारी सुटायच्या वेळी जा. शेवटच्या वर्षाच्या दोन मुली गाठा. प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसती जर्नलं भरून घेतात, शिकवायला कायमचे सर-मॅडम किती, ट्रेनिंगला कुठे पाठवतात, हे त्यांना विचारा. ऑफिसातल्या खुर्चीत बसलेला माणूस सांगणार नाही, पण त्या मुली भडाभडा सांगतात.