नको म्हणणाऱ्यांचा नाताळ

डिसेंबर लागला की खारदांड्याहून हिल रोडला निघालेल्या रिक्षांत एकच चर्चा: काय घ्यायचं? पाली गावठाणातली माझी मावशी (रक्ताची नाही, आईची बाजारातली मैत्रीण) दर नाताळाला बजावते, "काय आणू नको गो, ठेवायला जागा कुठंय?" तरी तिच्या कपाटात सुगंधी मेणबत्त्या आणि मगांचे खोके साचलेत.

माझं म्हणणं, तिचं ऐकावं. खाऊन संपेल ते द्यावं. पण तिच्या ईस्ट इंडियन घरात न्यूऱ्या, कलकल, मार्झिपान, पेरूचं चीज असं ताट तयार असताना दुकानातला केक नेणं म्हणजे कोळीवाड्यात बोंबील विकायला येणं. मी सुकेच बोंबील नेते. आमच्या किनाऱ्यावर बांबूच्या मांडवावर वाळलेले, डोकी-शेपट्या काढून, कापून, बरणीत भरलेले. बोंबील बाजारातही मिळतात. साफ करत बसायला मात्र तिच्या बोटांत आता जोर नाही.

दुसरी भेट चिठ्ठीवर लिहून देते: मे महिन्यात मिरच्यांचे देठ खुडायला येईन. तिच्या बाटली मसाल्यात मिरच्यांसकट वीस-पंचवीस जिन्नस पडतात. ते उन्हात घालणं, भाजणं, कुटणं आणि गडद बाटल्यांत ठासणं एकटीचं काम नव्हे. ही चिठ्ठी ती देवघरातल्या मेरीमागे ठेवते आणि एप्रिल संपताच फोन करते.

कॉलेजातल्या भाच्यांसाठी एवढं डोकं चालवू नये. पाकिटात पैसे घालावेत. त्यांना तेच हवे असतात.