फटका मनगटातून नव्हे, पायांतून निघतो

गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता एक गृहस्थ आपल्या सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन माझ्याकडे आले. मुलगा महाविद्यालयाच्या बेसबॉल संघात होता. उजव्या हाताने खेळणारा, पण दुखत होता डावा तळहात, करंगळीच्या खालचा मांसल भाग. दोन महिने 'मुरगळला असेल' म्हणून तेल चोळणे, हळदीचा लेप, क्रेप बँडेज असे सगळे झाले होते. साध्या एक्स-रेमध्ये काही दिसले नव्हते. सी. टी. स्कॅन केल्यावर कळले की, मनगटातील हॅमेट नावाच्या लहान हाडाचा आकडीसारखा भाग मोडला आहे.

बॅटच्या मुठीच्या टोकाला जी गाठ असते, ती खालच्या हाताच्या तळव्यात नेमकी याच जागी रुतते. बेसबॉल, गोल्फ, टेनिस या खेळांत हे हाड असे मोडते, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. मी मुलाला सराव किती करतोस, असे विचारले. तो म्हणाला, "रोज तीनशे फटके. सर म्हणतात, मनगटात जोर आण." वडिलांची काळजी वेगळीच होती. "डॉक्टरसाहेब, राज्य स्पर्धा महिन्यावर आली आहे. बारावीचे सवलतीचे गुण जातील हो!"

वाचकांना वाटेल, आरोग्याच्या सदरात बेसबॉलचे काय काम? पण आपल्या शालेय स्पर्धांत बेसबॉल आणि सॉफ्टबॉल हे दोन्ही खेळ आहेत आणि मुले-मुली हौसेने खेळतात. खेळ अमेरिकेतून आला. त्यामागचे शास्त्र मात्र आपण पुरते आणले नाही. माझे स्पष्ट मत असे की, मुलांच्या पुष्कळशा दुखापती खेळामुळे नव्हे, तर चुकीच्या तंत्रामुळे आणि बेहिशेबी सरावामुळे होतात.

थोडा हिशेब पाहू. बेसबॉलमध्ये चेंडू टाकण्याची जागा फलंदाजापुढच्या पाटापासून १८.४४ मीटर अंतरावर असते. गोलंदाज पुढे झेपावून चेंडू सोडतो, त्यामुळे अंतर आणखी घटते. ताशी १४५ किलोमीटर वेगाचा चेंडू साधारण चार दशांश सेकंदात पोहोचतो. बॅट फिरवायलाच सुमारे दीड दशांश सेकंद लागतो. म्हणजे चेंडू पाहणे, ओळखणे आणि मारायचा की सोडायचा हे ठरवणे, या सर्वांसाठी उरतो तो पाव सेकंद. १९८४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असे दिसले की, व्यावसायिक खेळाडूची नजरही चेंडूबरोबर शेवटपर्यंत जाऊ शकत नाही. चेंडू पाटापासून साडेपाच फुटांवर असतानाच ती मागे पडते. 'चेंडूवर नजर ठेव' हा उपदेश चांगला, पण शेवटचा टप्पा मेंदूने अंदाजानेच भरून काढायचा असतो.

आता जोराचे बघू. शेतात पाखरे राखणारा माणूस गोफण कशी फिरवतो, ते आठवा. नुसत्या मनगटाने फिरवली तर दगड बांधापलीकडेही जायचा नाही. पाय रोवले जातात, कंबर वळते, मग खांदा आणि सर्वांत शेवटी हात. बेसबॉलचा फटकाही असाच असतो. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक खेळाडूंच्या हालचाली मोजल्या गेल्या. पुढचा पाय टेकताना त्यावर शरीराच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो. मग आधी कंबर वळते, तिच्यामागून त्याहून वेगाने खांदे आणि त्याहूनही वेगाने हात. प्रत्येक सांधा आपला वेग पुढच्याला देत जातो. या साखळीतली एक कडी निसटली की तिचे काम मनगट, खांदा किंवा कमरेचे मणके यांच्या गळ्यात पडते. वाढत्या वयात कमरेच्या मणक्यावर असा पीळ पुन्हा पुन्हा बसला तर तिथल्या हाडाला बारीक तडा जाऊ शकतो.

बोस्टन रेड सॉक्सचे टेड विल्यम्स यांची १९४१ सालची सरासरी .४०६ होती. फलंदाजीवर त्यांनी पुढे पुस्तकच लिहिले. कंबर आधी, हात नंतर. आणि मारण्याजोगा चेंडू मिळेपर्यंत थांबा, हे त्यांच्या शिकवणीचे सार. ते बॅटही हलकी पसंत करत. आपल्याकडे मात्र जड बॅट म्हणजे मर्दानगी! जड बॅट फिरवायला आधी सुरुवात करावी लागते, म्हणजे चेंडू पाहायला वेळ आणखी कमी. मग घाई होते आणि घाईत पाय टेकण्याआधीच हात सुटतात.

म्हणून पालकांना आणि क्रीडाशिक्षकांना माझी विनंती :

१) सराव फटके मोजून नव्हे, चांगले फटके मोजून करावा. पाय, कंबर, हात हा क्रम बिघडू लागला की मुलगा थकला असे समजून थांबवावे.

२) आधी खुंटीवर ठेवलेला स्थिर चेंडू, मग जवळून हळू टाकलेला आणि शेवटी वेगाचा. पाया झाल्याशिवाय कळस नको.

३) वेळ साधण्यासाठी वीस-पंचवीस चेंडू बॅट न फिरवता नुसते पाहावेत. पाऊल टाकावे, चेंडू घ्यायचा की सोडायचा ते मोठ्याने सांगावे.

४) बॅट मुलाच्या ताकदीप्रमाणे असावी. हेल्मेटशिवाय कोणीही फलंदाजीला उभे राहू नये.

५) वर्षातून एकदा डोळे तपासावेत. 'वेळ चुकते' म्हणून बोलणी खाणाऱ्या मुलाला कदाचित चष्म्याची गरज असेल.

६) करंगळीखालचा तळहात किंवा कंबर दोन आठवड्यांहून अधिक दुखत असेल तर चोळत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलाची राज्य स्पर्धा हुकली. उशीर झाल्याने हाडाचा तुकडा शस्त्रक्रियेने काढावा लागला. दोन महिन्यांपूर्वी आला असता तर कदाचित प्लास्टरवर भागले असते. आता तो पुन्हा खेळतो. परवा भेटला तेव्हा म्हणाला, "डॉक्टर, आता शंभरच मारतो, पण जास्त लांब जातात."

सवलतीचे गुण एका वर्षाचे असतात, हात जन्मभर पुरवायचा असतो. एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळ झाले.