सळईचे टोक कोणाला दिसते?

कामोठ्यातून शीव-पनवेल महामार्गावर चढून कळंबोलीकडे निघालेल्या माणसाला हे दृश्य नवे नाही. पुढे लोखंड बाजारातून माल भरून निघालेला ट्रेलर, फाळक्याबाहेर दोन हात आलेली सळयांची टोके आणि त्यातल्या एकाला बांधलेली लाल चिंधी. अशा सळया गाडीबाहेर काढून नेण्याची मुभा केंद्र सरकारने 2014 मध्येच नियम बदलून काढून घेतली, तरी चिंधी अजून फडफडतेच आहे. ती दिसताच मागचा चालक ॲक्सिलरेटरवरचा पाय उचलतो. लाल फडके म्हणजे अंतर ठेवा, हे त्याला कोणी शिकवलेले नसते, रस्त्याने शिकवलेले असते. चालकाविना धावणाऱ्या गाडीला ही चिंधी कळेल का, हा प्रश्न आज कामोठेकरांनी विचारायला हवा. कारण त्या गाडीचे निम्मेशिम्मे रूप आपल्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये येऊन उभे राहिले आहे.

चाकणमध्ये तयार होणारी महिंद्राची एक्सयूव्ही 700 ऑगस्ट 2021 मध्ये बाजारात आली, तिच्यात ‘अडास’ नावाची चालक-साहाय्य यंत्रणा होती. पाठोपाठ टाटांच्या हॅरियर-सफारीत ती आली, आता आणखी स्वस्त गाड्यांतही मिळते. पुढची गाडी थांबली तर ही यंत्रणा स्वतः ब्रेक लावते, लेन सुटू लागली तर स्टिअरिंग हलकेच वळवते, ठरवून दिलेले अंतर राखत वेग कमी-जास्त करते. हे सगळे ती कशाच्या जोरावर करते, हे विकत घेणाऱ्याला नीट समजले पाहिजे.

मागचा आरसा जिथे चिकटवलेला असतो, त्याच्या पलीकडे काचेला लागून एक कॅमेरा असतो. लेनचे पांढरे पट्टे, वेगमर्यादेचे फलक, माणूस, मोटारसायकल, ट्रक हे ओळखण्याचे काम त्याचे. पण कॅमेऱ्याला रंग आणि आकार कळतात, अंतराचा मात्र अंदाज बांधावा लागतो. शिवाय जिथे आपले डोळे दिपतात तिथे त्याचेही दिपतात. द्रुतगती मार्गावरून पुण्याकडे जाताना भाताणच्या बोगद्यातून भर दुपारी बाहेर पडा. अंधाराला सरावलेल्या नजरेपुढे क्षणभर नुसता पांढरा उजेड उरतो. तिथली मर्यादा ताशी 100 किलोमीटर, म्हणजे त्या एका सेकंदात गाडी जवळपास 28 मीटर पुढे गेलेली असते.

हा आंधळा क्षण भरून काढायला बंपरमध्ये रडार असते. ते सुमारे 77 गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी सोडते आणि परतलेल्या लहरींवरून समोरची वस्तू किती दूर आहे, किती वेगाने जवळ येते आहे हे काढते. या लहरीची लांबी चार मिलिमीटरच्या आसपास असते. धुक्याचे थेंब तिच्यापुढे फारच बारीक, म्हणून आषाढात बोरघाट ढगात बुडालेला असतानाही रडारला पुढचा कंटेनर दिसतो. मात्र त्याला बारकावे कळत नाहीत. रस्त्याच्या कडेचा लोखंडी कठडा, वरचा फलक, पुलाखालची तुळई या साऱ्यांवरून लहरी परततात. प्रत्येक वेळी ब्रेक लागला तर गाडी चालवणे अशक्य होईल, म्हणून स्थिर वस्तूंकडून येणाऱ्या संकेतांना काही यंत्रणा कमी महत्त्व देत आल्या आहेत. लेनमध्येच बंद पडून उभा असलेला ट्रक त्यामुळे अवघड ठरतो, आणि आपल्याकडे बंद पडलेल्या ट्रकमागे झाडाची फांदी किंवा चार दगड ठेवून काम भागवतात.

तिसरा आणि सर्वांत महाग डोळा लायडारचा. तो अदृश्य लेसरचे ठोके सोडतो. साठ मीटरवरच्या वस्तूला आपटून ठोका परत यायला सेकंदाचा पंचवीस लाखावा भाग लागतो, तेवढा काळ मोजून तो अंतर काढतो. सेकंदाला लाखो ठोके सोडून भोवतालचा ठिपक्यांचा त्रिमितीय नकाशा उभा करतो. अमेरिकेत प्रवासी घेऊन धावणाऱ्या वेमोच्या टॅक्सींवर लायडार, रडार आणि कॅमेरे तिन्ही आहेत. टेस्लाने मात्र लायडार कधी स्वीकारला नाही, 2021 पासून तिथल्या गाड्यांतून रडारही काढायला सुरुवात केली आणि सगळी भिस्त कॅमेऱ्यांवर ठेवली. आमचे मत पहिल्या पक्षाकडे झुकते. एका डोळ्याला दिसले नाही तर दुसऱ्याला दिसावे, ही काळजी कोकणातल्या पावसात धावणाऱ्या गाडीला हवीच. आपल्याकडच्या बहुतेक अडास गाड्यांत लायडार नाही, हेही ध्यानात असू द्यावे.

आता ती सळई घ्या. सोळा मिलिमीटरची सळई मागून पाहिली तर तिचे टोक रुपयाच्या नाण्याहून लहान दिसते. कॅमेरा ट्रेलरचा मागचा भाग ओळखतो, रडार त्याच भागापर्यंतचे अंतर मोजते, आणि टोके त्या अंतराच्या अलीकडे असतात. सळयांची जुडी मोठी असेल तर काही दिसेलही. पण तिथून पुढे दोन हात जागा मोकळी नाही, हे समजणे पाहण्याच्या पलीकडचे काम आहे.

पाहणे आणि समजणे यांतली ही दरी किती जीवघेणी असते ते जगाने 18 मार्च 2018 च्या रात्री ॲरिझोनातील टेम्पी शहरात पाहिले. उबरची चाचणीची गाडी स्वतः धावत होती. हातात सायकल धरून एक महिला रस्ता ओलांडत होती. धडकेच्या 5.6 सेकंद आधी ती सेन्सरना दिसली होती. पण यंत्रणा तिला कधी वाहन, कधी सायकल, कधी अनोळखी वस्तू ठरवत राहिली, आणि दर वेळी तिच्या हालचालीचा अंदाज पुन्हा पहिल्यापासून बांधत राहिली. झेब्रा पट्टे सोडून माणूस रस्त्यावर येऊ शकतो, हे त्या यंत्रणेच्या रचनेत धरलेच नव्हते, असे तिथल्या तपास मंडळाला आढळले. लक्ष ठेवायला आत बसवलेल्या व्यक्तीची नजर खाली मोबाइलकडे होती. ती महिला वाचली नाही.

संध्याकाळी मानसरोवर स्थानकाबाहेर दहा मिनिटे उभे राहिले तर झेब्रा पट्ट्यावरूनच ओलांडणारे किती जण दिसतील? लोकल आली की माणसांचा लोंढा रस्त्यावर येतो. रिक्षावाला इंडिकेटरऐवजी डावा पाय बाहेर काढून वळतो, हातगाडीवाला नुसत्या मानेने ‘जा’ म्हणतो. ही भाषा आपण सगळे बोलतो, यंत्र अजून शिकते आहे. दिल्ली मेट्रोची मॅजेंटा मार्गिका डिसेंबर 2020 पासून चालकाविना धावू शकते, कारण तिच्या रुळांवर दुसरे कोणी येत नाही.

नितीन गडकरी यांनी 2017 मध्ये आणि पुन्हा 2023 च्या अखेरीस चालकरहित गाड्या भारतात येऊ देणार नाही असे सांगितले, ते चालकांच्या रोजगारासाठी. कळंबोलीच्या ट्रक टर्मिनलवर ज्यांची चूल अवलंबून आहे त्यांच्यासाठी ही भूमिका मोलाची आहे. पण साहाय्यक यंत्रणा वेगळी. मोठ्या बस आणि ट्रकमध्ये आपोआप लागणारा ब्रेक व डुलकीचा इशारा सक्तीचा करण्याचा मसुदा केंद्राने 2025 मध्ये काढला. रात्रभर ट्रेलर हाकणाऱ्या माणसाची नोकरी त्याने जात नाही, जीव वाचू शकतो. त्याचे आम्ही मनापासून स्वागत करतो.

अडासची गाडी घेणाऱ्यांनी मात्र ‘लेव्हल 2’ या शब्दाचा अर्थ शोरूममध्येच विचारून घ्यावा. शून्य ते पाच अशा पायऱ्यांतली ही दोन क्रमांकाची. तिच्यात गाडी हात देते, जबाबदारी पूर्णपणे चालकाची राहते. काच बदलली तर कॅमेरा पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. हौसेने पुढे लोखंडी गार्ड बसवला तर रडारच्या तोंडावर झापड येते. दसऱ्याला जाळीवर बांधलेला ओल्या झेंडूचा जाडजूड हारसुद्धा तेच करू शकतो. पूजा झाली की घराबाहेर पडण्याआधी तो जरा बाजूला सरकवावा, देव रागावणार नाही.

उरते ते रस्त्याचे. लेन राखणारी यंत्रणा पांढऱ्या पट्ट्यावर जगते. पावसाळा संपताना कळंबोली सर्कलच्या आसपास तो पट्टा डांबराच्या ठिगळाखाली गेलेला असतो, काही ठिकाणी जुना आणि नवा असे दोन पट्टे एकमेकांना छेदतात. तिथे कॅमेरा गोंधळतो आणि रात्री समोरच्या प्रखर दिव्यांत मोटारसायकलवरचा पोरगाही गोंधळतो. एका रंगाच्या डब्याने दोघांचे काम होते. ज्या ज्या यंत्रणेकडे या रस्त्यांचा जो जो तुकडा आहे, तिने दिवाळीआधी तेवढे पट्टे रंगवून घ्यावेत आणि लोखंड बाजाराच्या फाटकातून सळया बाहेर लोंबणारा ट्रेलर सुटणार नाही याची व्यवस्था करावी. लाल चिंधी बांधणे हा त्यावरचा उपाय नव्हे.